राजपत्राचं पारायण

माझ्या नेमांची चेष्टा आमच्या घरात उघडपणे कुणी करत नाही. ह्यांनी फक्त एकदा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, "आज जेवण आहे."

सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या आणि मधूनमधून प्रदोष. हे सगळं वर्षभर चालतं. चातुर्मासात त्यावर एखादा जास्तीचा नेम असतो. त्या वर्षी, म्हणजे २०११ साली, काय सोडावं हा मोठाच प्रश्न पडला, कारण सोडण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. वांगी, कांदा, गूळ, पलंगावर झोपणं, सगळं होऊन गेलं होतं. शेवटी मी बोलणं सोडलं. उठल्यापासून दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मौन. मी मुळात हळूच बोलते. त्यामुळे मी मौन धरलंय हे घरात बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, तेही दूधवाल्याच्या.

अशातच एका दुपारी सोनाबाई आली.

सोनाबाई कोळीण. तिचं गाव जासईच्या पलीकडे, खाडीला लागून. पनवेलच्या बाजारात पाटी रिकामी झाली की परतीच्या गाडीला वेळ असतो, तेवढ्यात ती आमच्या पायरीवर येऊन बसते. आमच्याकडे मासळी चालत नाही, पण तिच्या गावची देवी मला चालते. चालते काय, माझा मुलगा तिच्याच नवसाचा. दर नवरात्रात मी तिथे ओटी भरायला जाते. कोळीवाड्यातून निघायचं, जुन्या मिठागरांच्या बांधावरून चालत जायचं, की खाडीच्या तोंडाशी ते लहानसं देऊळ. पूर्वी दोन्ही बाजूंना मीठ दिसायचं, आता कंटेनर दिसतात. वाट मात्र तीच.

"वाट बंद करतान बाय," सोनाबाई पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली.

"कोण?"

"तो कंटेनरच्या यार्डवाला. खांब पुरले. नवरात्राच्या आधी जाळी मारनार बोलतो. त्याच्या नकाशात वाटच नाय म्हने. आमी काय उडत जातो देवीला?"

गावातली माणसं सरकारी कार्यालयात जाऊन आली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी सुनावणी लावली आणि सांगितलं की नव्या नकाशात वाट नाही हे खरं, पण जमीन घेतली तेव्हाच्या एखाद्या सरकारी कागदात वाटेचा उल्लेख असेल तर तो घेऊन या. तसं काही राजपत्रात छापून आलं असणार, आणि राजपत्रांचे जुने गठ्ठे पनवेलच्या एका वाचनालयात आहेत, एवढं तलाठ्यानं सांगितलं होतं.

"तू लायब्रीत जातेस ना?" सोनाबाईनं विचारलं.

"मी तिथून व्रतकथा आणते गं."

"मंग त्याच कपाटाच्या बाजूला असंल सरकारचं कपाट. आमचे गडी दर्यात जातील का तुज्या लायब्रीत बसतील? तू शोध. देवी तुजी पन हाय."

शेवटच्या वाक्यानं मी विरघळले. त्या संध्याकाळी देवापुढे बसून मी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की देवीच्या वाटेचा कागद सापडेपर्यंत मी वाचनालयातली सगळी राजपत्रं वाचीन.

आता कुणीही विचारील, सगळी कशाला? पण मी जन्मभर वाचलं म्हणजे पोथीच वाचली. पोथी पहिल्या ओवीपासून वाचायची असते. मध्येच उघडायची नाही, अध्याय गाळायचा नाही, वाचताना उठायचं नाही. सरकारचा कागद यापेक्षा वेगळ्या रीतीनं वाचतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं. सकाळी मौन असतं ना.

वाचनालयाचा संदर्भ विभाग फक्त सकाळी उघडा असायचा आणि बाराला बंद व्हायचा. माझं मौन साधारण त्याच वेळेला सुटायचं. म्हणजे माझं तोंड आणि त्या विभागाचं दार कधीच एका वेळी उघडं नसायचं. संध्याकाळी पुस्तकं देणारे गृहस्थ वेगळे, त्यांना राजपत्र म्हटलं की ते "सकाळी या" एवढंच म्हणत.

संदर्भ विभागात कीर्ती घरत नावाची बाई होती. पस्तिशीची, चटपटीत, उरणहून रोज येणारी. पहिल्या दिवशी मी तिला चिठ्ठी दिली, "राजपत्रे वाचावयाची आहेत." मौनात लिहिणं बसत नाही, पण आदल्या संध्याकाळी लिहिलेलं बसतं, असा निकाल माझा मीच दिला होता.

"कोणत्या वर्षाची, काकू?"

मी दोन्ही हात पसरले. सगळी.

"सगळी?" तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "विषय काय आहे?"

चिठ्ठीत विषय लिहायला मी विसरले होते. मी हात जोडले. तिला वाटलं असावं की मी विनवणी करते आहे. तिनं खांदे उडवले आणि राज्य झालं त्या वर्षाचा, साठ सालचा गठ्ठा आणून माझ्यापुढे टाकला. धूळ उडाली. मी पदराला हात पुसले, टेबलावर माझा धुतलेला नॅपकिन अंथरला, गठ्ठा त्यावर ठेवला, नमस्कार केला आणि खुर्चीतच मांडी घालून सुरुवात केली.

राजपत्र वाचायला वाईट नसतं. नेमणुका असतात, बदल्या असतात, रजा असतात. कुणी अव्वल कारकून रजेवर जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, काही अंकांनी पहिला परत येतो, आणि मला हायसं वाटतं. नावं बदलल्याच्या जाहिराती असतात. एका गृहस्थांनी आडनाव बदललं आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पहिलंच घेतलं. त्यांच्या घरात काय झालं असेल या विचारात माझी एक अख्खी सकाळ गेली. रात्री दिवा लावताना मी त्यांच्यासाठी हातही जोडले. पुष्कळसा मजकूर इंग्रजीत होता. तोही मी वाचला. समजला नाही, पण समजलंच पाहिजे असं पारायणात कुठे असतं?

वर्षाच्या गठ्ठ्याच्या शेवटी सूचीची सुटी पुस्तिका असायची. जिल्हा, तालुका, गाव, विषय आणि समोर पानाचा आकडा. ती मी फलश्रुती वाचावी तशी वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, हात जोडून. मग गठ्ठा मिटला, डोक्याला लावला आणि कीर्तीला खूण केली. पुढचा.

खूण म्हणून पानात तुळशीचं पान ठेवायची माझी सवय. एका सकाळी कीर्ती ते पान चिमटीत धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"काकू, हे तुमचं?"

मी मान हलवली.

"कागदाला डाग पडतो, कसर लागते. परत ठेवू नका, प्लीज." ती थांबली. "आणि तुम्हाला माझा काही राग आलाय का? रोज येता, एक शब्द बोलत नाही. मी काही चुकीचं बोलले का?"

मी जोरजोरात मान हलवली. ते 'हो' की 'नाही', तिला कळलंच नाही. ती आणखीच गोंधळून आपल्या टेबलाकडे निघून गेली. त्या सकाळी मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी तिला जाऊन सांगावं असं मनात आलं, पण ती उरणला, मी पनवेलला. शिवाय आतून मला थोडं बरंही वाटत होतं, हे लपवत नाही. न बोलता, न उठता, उपाशीपोटी सरकारचा कागद वाचणारी बाई पनवेलमध्ये दुसरी नसेल. तपश्चर्येचा एक ताठा असतो. तो नम्र माणसाला जास्त चढतो, कारण आपल्याला तो चढला असेल असा संशयच त्याला येत नाही.

घरी हे विचारायचे, "कुठवर आलं?"

"बासष्ट."

"आणि जमीन कधी घेतली त्यांची?"

"सत्तरच्या सुमाराला, असं सोनाबाई म्हणते."

हे माझ्याकडे पाहत राहायचे. "मग सत्तर का नाही उघडत?"

"मधली कशी गाळू?"

ह्यांनी त्यावर काही न बोलता टीव्हीचा आवाज वाढवला. लग्नाला इतकी वर्षं झाली की मौन त्यांनाही जमतं.

आणि मग एका सकाळी, मी त्रेसष्ट सालच्या मधोमध असताना, संदर्भ विभागाच्या दारात सोनाबाई उभी राहिली. रिकामी पाटी बाहेर ठेवली होती, पण वास तिच्याबरोबर आत आला होता. वर्तमानपत्र चाळणाऱ्या दोन पेन्शनरांनी माना वर केल्या.

"गावला का?" तिनं दारातूनच विचारलं.

भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलं होतं. मी त्या पाटीकडे बोट दाखवलं.

"ते राहू दे. सुनावनी उद्या हाय!" ती टेबलापाशी आली. "पुढल्या आठवड्यात बोललेले, आता सायबाला दुसरीकडं जायचं म्हनून उद्याच ठेवली. गावला का कागद?"

मी मान हलवली. नाही.

"कुठवर शोधलास?"

मी बोटांनी सहा आणि तीन दाखवले.

"नऊ कागद गावले?"

मी पुन्हा मान हलवली आणि गठ्ठ्यावरचं साल दाखवलं. सोनाबाईला आकडे चांगले कळतात. बाजारात तिला कुणी फसवलेलं नाही.

"आमची जमीन सत्तरात गेली आन् तू त्रेसष्टात बसलीस? इतके दिवस?" तिनं कीर्तीकडे बोट दाखवलं. "ही बाय कशाला बसवली इथं? हिला विचारलंस?"

मी ओठांवर बोट ठेवलं, मग वर बोट करून सूर्य दाखवला, मग नैवेद्याचं ताट दाखवायचा प्रयत्न केला.

"काय करतेस? दात दुखतान?"

मग तिच्या लक्षात आलं. माझे चातुर्मासातले चाळे ती वर्षानुवर्षं पाहत आली आहे. तिनं कमरेवर हात ठेवले आणि आवाज अजिबात खाली न आणता म्हणाली, "मौन हाय? कुनासाठी धरलंस?"

मी बाहेर आकाशाकडे हात जोडले.

"देवीसाठी? देवीची वाट उद्या बंद होते, आन् तू देवीसाठी गप बसलीस? तिनं तुला सांगितलं गप बस म्हनून? माज्याकडं तरी कदी बोलली नाय ती असं!"

एका पेन्शनरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. आता वाचण्यासारखं त्यांना इथेच मिळत होतं. कीर्ती उभी राहिली होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला बराच वेळ होता आणि घरी नैवेद्याचा वरणभात अजून कुकरातही गेला नव्हता. मी डोळे मिटले. नेम मोडायचा तर देवीची क्षमा मागून, नीट, दोन श्लोक म्हणून मोडावा असं मनात होतं. पण दुसऱ्या श्लोकापर्यंत सोनाबाई थांबली नसती.

"कीर्तीताई," मी म्हणाले.

सकाळभर न वापरलेला आवाज कसाबसा बाहेर आला, आणि फार मोठा आला. पेन्शनर दचकले. कीर्तीनं छातीवर हात ठेवला.

"अगंबाई! तुम्ही बोलता? मला वाटलं... मी तर घरी सांगितलं होतं, एक मुक्या काकू येतात म्हणून."

मी तिला सगळं सांगितलं. देऊळ, वाट, यार्ड, सुनावणी, संकल्प. तिनं तोंडावर हात ठेवून ऐकलं. आधी मला वाटलं तिला वाईट वाटतंय. मग लक्षात आलं की ती हसू दाबत होती.

"काकू, तुम्ही प्रत्येक वर्षाची सूची वाचलीत?"

"संपूर्ण."

"अहो, सूची वाचायची नसते. बघायची असते!"

ती आत गेली आणि सत्तर सालची सूची घेऊन आली. गठ्ठा नव्हे, फक्त सूची. ती माझ्या नॅपकिनवर ठेवली. माझा हात नमस्काराला उठला होता, तो मी सोनाबाईकडे बघून खाली घेतला.

"शोधा," कीर्ती म्हणाली, "जिल्ह्यापासून."

मी रायगड शोधायला लागले. रत्नागिरी सापडली, रायगड नाही. पुन्हा पाहिलं. रायगडच नाही. सरकार आपला जिल्हाच विसरलं, असं मी पुटपुटले.

"काकू, सत्तर साली रायगड जिल्हा होता?" कीर्तीनं विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. माझा जन्म पनवेलचा. माझी शाळा पनवेलची. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर, ह्यांच्या दाखल्यावर, आमच्या लग्नाच्या पत्रिकेतल्या पत्त्यावरसुद्धा "जिल्हा कुलाबा" छापलेलं आहे; रायगड हे नाव पुढे मिळालं. बासष्टपर्यंतच्या तिन्ही सूच्यांत मी "कुलाबा" हा शब्द हात जोडून वाचला होता.

"कुलाबा," मी म्हणाले, जरा हळू.

"हां. आता उरण बघा. मग गाव."

कुलाबा सापडला. त्याखाली उरण. उरणखाली गावांची नावं, आणि त्यात सोनाबाईचं गाव, समोर "भूमिसंपादन" आणि पानाचे आकडे. कीर्तीनं शिडी लावून गठ्ठा काढला. विभागीय पुरवणीचं ते पान उघडायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी रोज फार तर दोन बदल्या आणि एक रजा वाचत असे.

सर्व्हे नंबरांची लांबलचक रांग होती. कीर्ती बोट फिरवत गेली. खाली शेरा होता. मी तो वाचला आणि मग सोनाबाईसाठी मोठ्यानं वाचला: "सदर जमिनीतून गावठाणापासून खाडीकाठच्या देवस्थानाकडे जाणारी वहिवाटीची पायवाट वगळून."

"वगळून मंजे?" सोनाबाईनं विचारलं.

"म्हणजे जमीन घेतली, पण वाट घेतली नाही," कीर्ती म्हणाली.

सोनाबाईनं त्या ओळीवर हात ठेवला, मासळीचा वास असलेला हात, आणि कीर्तीनं तिला कागदाला डाग पडतो म्हणून सांगितलं नाही.

मग कीर्तीनं मला शहाणं केलं. नुसती झेरॉक्स नेऊ नका, वर राजपत्राचा भाग, तारीख आणि पान लिहून घ्या, म्हणजे साहेबांना त्यांच्याकडची प्रत काढून ताडून बघता येईल. झेरॉक्सवर तिनं वाचनालयाचा शिक्का मारला. मी घरी पोचले तेव्हा देवाला नैवेद्य दाखवायला फार उशीर झाला होता. ह्यांनी कुकर लावलेला होता. मी गप्प होते म्हणून त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना वाटलं मौन अजून सुटायचंय.

सुनावणीला मी सोनाबाईबरोबर गेले. खोलीत अधिकारी होते, यार्डवाल्याचा वकील होता आणि गावातली माणसं होती. वकिलांनी नवा नकाशा पसरला. त्यात खरंच वाट नव्हती.

"तुमच्यातर्फे कोण बोलणार?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"ही बोलंल," सोनाबाईनं मला पुढे ढकललं. "आता बोलते ती."

मी पदर सावरला आणि वाचलं. भाग, तारीख, पान, मग शेरा. मग सवयीनं सर्व्हे नंबरही पहिल्यापासून वाचायला घेतले. अधिकाऱ्यांनी हात वर केला.

"बाई, सगळे नकोत. शेवटची ओळ तेवढी पुन्हा."

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली. त्यांनी कारकुनाला जुनी प्रत आणायला सांगितलं. ती यायला वेळ लागला. तोवर वकील म्हणाले, "साहेब, माणुसकीच्या दृष्टीनं आमचे अशील जत्रेच्या दिवशी फाटक उघडायला तयार आहेत. वर्षातून एकदा."

"देवी काय वर्षातनं एकदाच जेवते?" सोनाबाई उसळली. "तुमी जेवता का तसं?"

वकिलांच्या पोटाकडे पाहून कुणीतरी मागे हसलं. अधिकाऱ्यांनी खाली मान घातली. प्रत आली. त्यांनी ताडून पाहिली, चष्मा काढला आणि लिहून घ्यायला सांगितलं की पायवाट संपादनातून वगळलेली दिसते, सबब सरकारी मोजणी होऊन वाटेची हद्द ठरेपर्यंत तिथे कुंपण घालू नये, पुरलेले खांब काढावेत आणि वाट बारमाही खुली ठेवावी.

"मोजनी कवा होनार, सायेब?" सोनाबाईनं विचारलं.

"नंबर लागेल तेव्हा."

वकिलांचा चेहरा पडला. गावातल्या माणसांचे चेहरे उजळले. सरकारी मोजणीचा नंबर कधी लागतो हे दोन्ही बाजूंना सारखंच माहीत होतं. बाहेर आल्यावर सोनाबाई म्हणाली, "मंजे माज्या नातवाच्या लग्नापर्यंत तरी नाय." तिचा नातू तेव्हा बालवाडीत होता.

नवरात्रात मी ओटी घेऊन गेले. कीर्तीही आली. खांब काढलेल्या जागी खड्डे राहिले होते. कंटेनरांच्या मधून, बांधावरून, बायकांची रांग चालली होती. देवळाच्या दारातून मला मूर्ती दिसली, आणि मी उंबऱ्याबाहेरच, भर वाटेत, हात जोडून उभी राहिले. देवीला मोडलेल्या मौनाचं सविस्तर सांगायचं होतं. कसं मोडलं, का मोडलं, त्याबद्दल पुढच्या वर्षी काय सोडीन. मनात सगळं नीट क्रमानं लावलं होतं. सुरुवात साठ सालापासून होती.

"ए बाय!" पाठीमागून सोनाबाईचा आवाज आला. "मागं बाया ताटकळल्यान. सरकारनं सोडली, आन् तू वाट अडवून उबी राहिलीस!"

मी पटकन आत जाऊन ओटी भरली आणि बाजूला सरले.